पळसफुलाचा बिनअक्षरी अंक

त्या दिवशी माघात गारा पडल्या. आदल्या दिवसापासून पाणी लागून राहिलं होतं. सकाळी आभाळ आमच्या विहिरीवर टेकल्यासारखं खाली आलं, आणि मग लिंबाएवढ्या गारांनी वाडीतली कोथिंबीर जमिनीत दाबून टाकली. थंडी अशी, की अंगावरची कोरडी घोंगडीही ओली वाटे. अमरावतीच्या उन्हाबद्दल सगळेच बोलतात. त्या थंडीबद्दल कोणी बोलत नाही, कारण तशी ती पुन्हा पडली नाही.

त्या दिवशी काय झालं ते शेवटी सांगतो. आधीचं सांगितल्याशिवाय ते सांगून उपयोग नाही.

ठसे कोरणाऱ्याच्या पायाशी लाकडाच्या ढलप्या साचतात. कोरताना तिकडे लक्ष नसतं. उठायला जावं, तर घोट्यापर्यंत ढीग! किस्से तसेच साचतात बघा. घडतात तेव्हा आपण कामात असतो. हसतो, पुढे जातो. म्हातारपणी उठावंसं वाटतं, आणि पाय निघत नाही. मला लिहिता येत नाही. मी बोललो तसं हे लिहून घेतलं आहे, तेव्हा मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

माझं नाव सुखदेव. आम्ही माळी. अमरावतीच्या वेशीबाहेर आमची वाडी. मेथी, वांगी, झेंडू, शेवंती. लहानपणी मी अंजनगाव सुर्जीला मावशीकडे राहिलो. तिच्या शेजारी एक रंगारी होता, त्याच्याकडे जाजमावर मारायचे लाकडी ठसे कोरायला शिकलो. वेल, फूल, मोर. अमरावतीला परत आलो तरी हात थांबेना. सकाळी बाजारात भाजी विकायची आणि गिऱ्हाईक नसलं की जुड्यांच्या आडोशाला कोरत बसायचं.

तिथंच मला अण्णासाहेब भेटले. मेथी घ्यायला आले आणि माझ्या हातातल्या लाकडाकडे बघत राहिले.

“हे काय रे?”

“मोर आहे जी.”

“कागदावर उठेल?”

“कापडावर उठते. कागदानं काय घोडं मारलं?”

मेथी तिथंच विसरून ते मला सोबत घेऊन गेले. शाळेतली मास्तरकी सोडून त्यांनी ‘पळसफूल’ नावाचं मासिक काढलं होतं. ते कोण्या शेठचं नव्हतं, कोण्या पक्षाचं नव्हतं. कविता, गोष्टी, आणि वऱ्हाडातल्या कारागिरांची माहिती. एका तेलघाणीच्या मागच्या दोन खोल्यांत प्रेस. अक्षरांचे खिळे जुळवणारे आणि पायानं मशीन चालवणारे एकच, हसनभाई. अंक दोऱ्यानं शिवणाऱ्या माई, म्हणजे अण्णासाहेबांच्या बायको. आणि कव्हरावर दर महिन्याला नवं चित्र, माझ्या ठशानं, पळसाच्या रंगात. एवढाच आमचा कारखाना!

* * *

पहिलंच चित्र होतं शेतात नवऱ्याला भाकर वाढणाऱ्या बाईचं. अण्णासाहेबांनी कागदावर काढून दिलं, मी तसंच्या तसं लाकडावर कोरलं. जाजमावरच्या वेलीला डावं काय आणि उजवं काय! कोरलेलं छापल्यावर उलटं येतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

सगळा गठ्ठा छापून झाला. मग हसनभाईंनी एक कव्हर उजेडात धरलं.

“अण्णा, ही बाई डाव्या हातानं वाढून राहिली!”

अण्णासाहेबांनी कपाळाला हात लावला. “अहो, पहिलं कव्हर निघालं तेव्हा बघितलं नाही का तुम्ही?”

“पाह्यलं ना. पण भूक लागली होती अण्णा. मी भाकर पाहत होतो.”

दुसरा कागद नव्हता. अंक तसाच गेला, आणि कार्डं येऊ लागली. घरात अन्न डाव्या हातानं वाढायचं का? आमच्या घरात लहान मुलं आहेत, त्यांनी काय शिकायचं? एकानं तर अंकच परत पाठवला. अण्णासाहेब शांत माणूस. पुढच्या अंकात त्यांनी एकच ओळ छापली: ‘मुखपृष्ठावरील बाई डावखुऱ्या आहेत.’

वाटलं, झालं. पण काही दिवसांनी मोझरीकडची एक बाई डोक्यावर टोपलं घेऊन प्रेसच्या दारात उभी! कुणीतरी तिला ती ओळ वाचून दाखवली होती. तिनं टोपल्यातली गुळाची ढेप काढून डाव्या हातानं आमच्या पुढ्यात ठेवली.

“ते बाई कोन्या गावची हो? माही सासू मले या हातावरून रोज बोलते. तिले दाखवतो म्हटलं, पुस्तकात बी आहे म्हणून!”

अण्णासाहेबांनी तिला अंक दिला. ती गेल्यावर त्यांचे डोळे भरून आले. “सुखदेव, आज आपल्याला एक खरा वाचक मिळाला.”

हसनभाई गूळ फोडत होते. वर न बघता म्हणाले, “अण्णा, तिले वाचता कुठं येते?”

* * *

ठशासाठी मी मेळघाटातून येणारं हळदूचं लाकूड वापरायचो. पिवळसर, बारीक रेषेचं. कोरायला लोण्यासारखं, पण उन्हाचं वैरी. चैत्रानंतर ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलं नाही, तर तडकलंच.

एका उन्हाळ्यात कौंडण्यपूरच्या देवळाचा ठसा केला. देऊळ, शिखर, पायऱ्या, पायऱ्यांवर उतरणारी माणसं. फार दिवस घातले मी त्यात. शिखरावरचा एकेक दगड वेगळा केला. खालची जमीन तेवढी भरीव सोडली, रंग ठसठशीत बसावा म्हणून. मशीनवर चढवला, आणि हसनभाईंनी पाय मारताच कडाडकन आवाज! खालच्या भरीव भागातून वाकडीतिकडी चीर गेली. कागदावर ती पांढरी उमटली.

अण्णासाहेब म्हणाले, “छापा. आता काय करणार?”

त्या अंकाचं जेवढं कौतुक झालं तेवढं कुठल्याच अंकाचं झालं नाही. अकोल्याचे एक चित्रकलेचे मास्तर मुद्दाम येऊन गेले. कव्हर हातभर लांब धरून, डोळे बारीक करून म्हणाले, “देऊळ ठीक आहे. पण ही वर्धा नदी! एका रेघेत नदी! हा हात कुणाचा?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोत्याकडे पाहिलं.

इतकी वर्षं मी कोरलं. माझ्या हाताचं नाव घेऊन कौतुक झालं ते तेवढ्या एका रेघेचं, आणि ती मी काढलेली नव्हती.

* * *

तोच अंक घेऊन आम्ही कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेला गेलो. अण्णासाहेबांच्या मनात आलं, देवळाचं चित्र आहे, देवळापाशीच विकू. बांगड्यांच्या दुकानाशेजारी सतरंजी टाकली, अंक मांडले. माई सकाळीच म्हणाल्या होत्या, “चार परत आले तरी चालतील, पण तुम्ही ऊन लागून घेऊ नका.”

गर्दी झाली. खरोखर झाली! एक शेतकरी बराच वेळ कव्हरावर बोट फिरवत बसला. अंक विकत घेतला. मग विळ्यानं कांद्याची पात कापावी तसं त्यानं सगळ्यांसमोर कव्हर शिवणीतून कापून घेतलं, नीट गुंडाळून टोपीत ठेवलं, आणि आतली पानं दोन्ही हातांनी अदबीनं अण्णासाहेबांच्या पुढे धरली.

“हे तुमचं तुमाले राहू द्या, महाराज. मी देवाजवळ लावाले चित्र घेतलं.”

“अहो, पण आत वाचायला...”

“तुमच्या कामी येईन ना ते! आमाले काय करायचं? वाया जाईन.”

तो इतक्या चांगल्या मनानं म्हणाला, की त्याच्यामागच्या दहाजणांनी तेच केलं. दिवस उतरेपर्यंत एक कव्हर उरलं नाही, आणि अण्णासाहेबांच्या मांडीवर आतल्या पानांचा ढीग. त्यात त्यांचा स्वतःचा लेख होता, विणकरांवरचा. पायी गावोगाव फिरून लिहिलेला.

परतीच्या बैलगाडीत तो ढीग त्यांच्या मांडीवरच होता. मग एकदम म्हणाले, “सुखदेव, तू आपला अंक कधी वाचलास का रे?”

“मी? नाई जी. मले कुठं येते?”

“इतके अंक निघाले, आणि तुझ्या हातात नुसतं कव्हर. त्या माणसासारखंच.” त्यांनी ढीग बाजूला सरकवला. “आपण एक अंक काढू. बिनअक्षरी. सगळे ठसे एकापाठोपाठ एक, असे लावायचे की गोष्ट व्हावी. ज्याला अक्षर येत नाही त्यानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. पहिली प्रत तुझी.”

हसनभाई गाडीत मागं पाय सोडून बसले होते. “मंग मी काय करू अण्णा? खिळे भाजून खाऊ?”

ते हसले, आम्ही हसलो. पण मी ते मनाशी धरून बसलो. तोवर मी जुन्या ठशाला रंधा मारून त्याच लाकडावर नवं चित्र कोरायचो. पहिली डावखुरी बाई तशीच गेली होती. त्या जत्रेनंतर मी एकाही ठशाला रंधा लावला नाही.

* * *

हा पुढचा किस्सा हसनभाई सांगायचे तेव्हा लोक पोट धरून हसायचे. मला तो हसत सांगता येत नाही.

माई दुपारी जेवणं झाली की अंक शिवायला बसत. दुमडलेले कागद एकावर एक, मग दाभणानं तीन भोकं, मग गोधडीचा दोरा. जत्रेनंतरच्या उन्हाळ्यात त्यांना रोज ताप यायचा, तरी बसायच्या. एका दुपारी गठ्ठा त्यांच्यापुढे उलटा ठेवला गेला. म्हणजे घडी एका बाजूला, आणि शिवण दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडून बंद! कपड्याला खिसा शिवावा आणि त्याचं तोंडही शिवून टाकावं, तसं. उघडून बघायचं कारण नव्हतं. अंक बांधले, तिकिटं लावली, पोस्टात टाकले.

तिसऱ्या दिवशी अण्णासाहेबांनी घरची प्रत वाचायला घेतली, आणि ती उघडेना.

माई रडायला लागल्या. अण्णासाहेब मात्र खूश! “अगं रडतेस काय? आता बघ कशी कार्डांवर कार्डं येतात. डाव्या हाताला एवढी आली, तर याला किती येतील! वेडे म्हणतील आपल्याला. म्हणू देत.”

त्यांनी माफीची ओळसुद्धा मनात जुळवून ठेवली. रोज पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर येऊन बसत. तो गल्लीच्या टोकाशी दिसला की चष्मा पुसत. पोस्टमन शेजारी जाई, समोर जाई, आणि सायकल ढकलत पुढे निघून जाई. असं बरेच दिवस चाललं. शेवटी पोस्टमनलाच राहवेना.

“काहून जी अण्णासाहेब, कोनाचं पत्र येनार हाय का? सांगून ठेवा. आलं की आधी तुमच्याकडेच आनतो.”

मग एक कार्ड आलं. अकोल्याहून, अगदी पहिल्या अंकापासूनच्या वर्गणीदाराचं. अण्णासाहेबांनी वाचलं आणि ते हसनभाईंच्या हातात दिलं. हसनभाईंनी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं:

‘अंक मिळाला. नेहमीप्रमाणे वाचनीय आहे.’

* * *

त्यानंतर अण्णासाहेब बाकीच्या अंकांबद्दल बोलेनासे झाले. “आता एकच काढायचा राहिला आहे,” एवढंच म्हणत. पण तेव्हाच लढाई सुरू झाली आणि बाजारातून कागद गेला. परमिट दाखवा, नाहीतर चालू लागा.

कुणीतरी सांगितलं, अकोल्याच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठजींकडे कागदाची रिमं पडून आहेत. आम्ही तिघं गेलो. शेठजी भला माणूस. म्हणाले, कागद देतो, पण आत पहिल्या पानावर माझी तसबीर पाहिजे.

अण्णासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. गोष्टीत शेठजी कुठं बसवायचे, हा त्यांना प्रश्न पडला असावा. पण हो म्हणाले.

मी ठसा केला. शेठजींची मिशी भरघोस. लाकडात ती उंच राखली, म्हणजे छापात काळीभोर येईल. छाप बघून शेठजी म्हणाले, “मिशी जरा जास्त वाटते. दरोडेखोर दिसतो मी.” बारीक केली. “अजून थोडी.” अजून केली. शेठजी आरशात बघायचे, छापाकडे बघायचे. “अजून किंचित!” शेवटी नाकाखाली एक रेघ उरली, आणि शेठजी खूश झाले.

तेवढ्यात शेठाणी आतून आल्या. छाप पाहिला आणि तोंडाला पदर लावला. “अगं बाई! हे कोण? मुनीमजी का?”

शेठजींचा चेहरा उतरला. माझ्याकडे ठसा सरकवून म्हणाले, “आधी होती तशी करून दे.”

“ते नाई होत शेठजी. लाकडात कमी करता येते. वाढवता येत नाई.”

“म्हणजे माझी मिशी गेली?”

आम्ही उठलो. गाडीत बसल्यावर हसनभाई म्हणाले, “अण्णा, मिशी गेली शेठजीची, अन् कागद गेला आपला!”

अण्णासाहेब हसले. हसता हसता खोकला आला, तो बडनेऱ्यापर्यंत थांबला नाही. तो खोकला त्यानंतर कधी बरा झालाच नाही.

* * *

प्रेस बंद झाली. मशीन काढून नेताना तेलघाणीचा बैल बिचकला, एवढाच काय तो गोंधळ झाला. हसनभाईंना अकोल्याच्या एका छापखान्यात काम मिळालं, लग्नपत्रिका आणि सिनेमाचे कागद छापायचं. जाताना पळसरंगाच्या शाईचा उरलेला डबा त्यांनी माझ्या हातात दिला.

“मशीन गेली तर जाऊ दे सुखदेव. तू जाजमावर ठसे मारत होता ना? हातानं मार. कागदाचं मी पाहतो.”

जुन्या अंकांचे गठ्ठे अण्णासाहेबांच्या मागच्या खोलीत होते. एकदा माईंनी एक काढायला हात घातला, तर नुसती माती हातात आली. वाळवी! वरून गठ्ठा जसाच्या तसा, कव्हरं रंगासकट शाबूत, आणि आतलं सगळं पोखरलेलं. हसनभाई त्या दिवशी भेटायला आले होते. अण्णासाहेब खाटेवर पडले होते. हसनभाईच पुढे झाले.

“अण्णा, अखेरपर्यंत वाचणारं कोणीतरी निघालं बरं!”

अण्णासाहेबांनी डोळे मिटून घेतले. मग हळूच विचारलं, “ठसे?”

ठसे माझ्याकडे होते. त्याच दिवशी घरी जाऊन मी ते माझ्या चुलीवरच्या माळ्यावर रचले. आमच्याकडे बियाणं, नांगराचं लाकूड, जे म्हणून जपायचं ते चुलीवर ठेवतात. धुरानं वाळवी लागत नाही, ओल चढत नाही. शाईनं आणि तेलानं ते ठसे आधीच काळे झालेले. धुरानं आणखी काळे झाले. खालून बघणाऱ्याला ती नुसती ढलप्या-ठोकळ्यांची रास वाटे. मला मात्र अंधारातही बोटांनी कळायचं, हा मोर, ही नदी, हा विणकर.

आता ‘पळसफूल’ म्हणून जगात उरलं होतं ते तेवढंच.

मी अण्णासाहेबांकडे भाजी घेऊन जायचो. ते म्हणायचे, “मेथी राहू दे रे, ठसा आणलास?” मी दर वेळी एक ठसा धोतरात गुंडाळून न्यायचो. ते पांघरुणाखाली घेऊन त्यावर हात फिरवत, आणि त्याची जागा सांगत. हा देवळानंतर. हा शेवटून दुसरा. असं करत करत सगळा अंक त्यांनी लावला. दर वेळी हात आधीपेक्षा हलका लागायचा. एकदा माई मला दारापर्यंत पोचवायला आल्या आणि म्हणाल्या, “सुखदेव, लवकर होईल तर बघ. त्यांनी फक्त तेवढ्यासाठी जीव धरून ठेवलाय.”

पण कागद कुठला?

* * *

आता तो दिवस. गारांचा.

आदल्या संध्याकाळी अकोल्याहून आलेल्या भाजीच्या व्यापाऱ्यानं निरोप दिला: हसनभाईनं कागद जमवला आहे, येऊन घेऊन जा. मी तसाच अण्णासाहेबांकडे गेलो. त्यांना उठवत नव्हतं, पण त्यांनी माझं मनगट धरलं.

“उद्या कागद? नक्की?”

“नक्की जी.”

“मग आल्या आल्या एक पान मार. सगळं जमेल तेव्हा जमेल. एक पान माझ्या डोळ्यांसमोर धर.”

“कोन्तं मारू?”

“नदी.”

सकाळी पाण्यापावसात निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलली. अकोल्याला हसनभाई छापखान्याच्या मागच्या दारात वाट बघत होते. बिघडलेले ताव त्यांनी एकेक करून मालकाला सांगून बाजूला ठेवले होते. एका बाजूला सिनेमाची जाहिरात, दुसरी बाजू कोरी.

“मागं नट्या आहेत सुखदेव, अण्णाले सांगू नको!” म्हणाले, आणि स्वतःची मेणकापडाची पिशवी फाडून त्यात कागद गुंडाळून दिला. मी तो सदऱ्याच्या आत, पोटाशी बांधला. परतीच्या गाडीत सगळा डबा ओला, माणसं ओली. मी मात्र दर स्टेशनाला हात घालून बघायचो. कागद कोरडा होता. माझ्या अंगाच्या उबेनं गरमसुद्धा झाला होता.

दिवस मावळायच्या आत वाडीवर पोचलो. बायको बाजारात होती, गारांतून वाचलेली भाजी विकायला. गल्लीतल्या प्रत्येक घरातून ओल्या लाकडाचा धूर निघत होता, जाळ कुठंच दिसत नव्हता. एका अनसूयाबाईच्या घरात तेवढा लख्ख उजेड होता. अनसूयाबाई आमची शेजारीण. तिची मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली होती. आमच्या दोघांच्या मधल्या कुंपणाला एक फट होती. विस्तव, मीठ, सरपण, जे लागेल ते इकडून तिकडे जायचं. मागायची पद्धत आमच्यात नव्हती, आणि सांगायचीही नव्हती.

घरात गेलो. शाईचा डबा काढला, पुसला. आणि चुलीवरच्या माळ्यावर हात घातला.

माळा रिकामा होता. झाडूनही ठेवला होता.

मी कुंपणाच्या फटीतून तसाच तिच्या दारात गेलो. कागद पोटाशीच होता. आत बाजेवर पोरगी पांघरूण घेऊन निजलेली, कुशीत लेकरू. बाजेखाली शेगडी. शेगडीत एक ठोकळा अजून लाल होता, आणि त्याच्यातून एक वाकडी रेघ गेली होती.

अनसूयाबाई बाहेर आली. दिवसभर रडून तिचे डोळे सुजले होते, पण ती हसत होती. पदर सावरून म्हणाली, “या सुखदेवभाऊ. सकाळी लेकरू झालं, अन् थंडीनं निळं पडून राहिलं होतं. साऱ्या गल्लीतलं सरपन ओलं. तुमचं तेवढं एका काडीत पेटलं पाहा! कसं गरम होऊन झोपलं आता. तुमी इतके दिवस जपून ठेवलं ना भाऊ, आज कामी आलं.”